‘बाईमाणसाकडून सात फूट होतंय होय?’

मॅडम, नमस्कार.

मी 33 वर्षांची आहे, कोल्हापूरजवळ राहते. शिल्पकलेची पदविका घेतल्यावर आठ वर्षं एका ज्येष्ठ शिल्पकारांकडे काम केलं आणि तीन वर्षांपूर्वी स्वतःची शेड टाकली. गेल्या वर्षी एका शाळेनं सावित्रीबाईंचा सात फुटी ब्राँझ पुतळा माझ्याकडे दिला. लहान मॉडेल माझं, मोठं मातीकाम माझं, चेहरा तर मी चार वेळा मोडून पुन्हा केला. सांगाडा उभा करायला आणि मातीचा भराव घालायला सरांकडचे दोन कारागीर घेतले होते. मोल्ड आणि ओतकाम फाउंड्रीत झालं. सर दोनदा येऊन बघून गेले.

अनावरणाच्या दिवशी पाहुण्यांनी भाषणात सरांचं नाव घेतलं, माझं नाही. चौथऱ्यावरच्या पाटीवर शिल्पकाराचं नावच नाही. मग गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकानं लिहिलं, ‘बाईमाणसाकडून सात फूट होतंय होय? सरांच्या माणसांनी केलं, हिनं सही ठोकली.’ सर गप्प. नवरा म्हणतो, सोडून दे. आता दहा फुटी पुतळ्याचं काम आलंय, पण समितीतले एक काका म्हणतात, कोटेशन सरांच्या नावानं दे, म्हणजे अडचण येणार नाही. मी ठरवलंय की यापुढे सगळं एकटीनं करायचं, एकही कारागीर घ्यायचा नाही. त्या माणसावर केस करावी का? आणि सरांशी कसं बोलू? त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

– एक शिल्पकार


तुला ‘तू’ म्हणते. माझ्या वर्गात माती मळायला बसायच्या त्या मुलींच्या वयाची आहेस, ‘तुम्ही’ लिहिताना हात अडखळेल.

सगळं एकटीनं करायचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. दहा फुटांचा सांगाडा एकटीनं उभा करायला गेलीस तर कंबर तरी धरेल नाहीतर सांगाडा तरी कलंडेल, आणि ज्यांना बोलायचं आहे ते तरीही बोलतील. ज्या दोघांनी तुझ्यासाठी माती चढवली त्यांना लपवायचं कारणच काय? त्यांची नावं सगळ्यांत आधी तूच सांगायला हवीस, मोठ्यानं. हे मी शिकले ते 160 वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन बाईकडून. तुझ्या ग्रुपवरचा तो मेसेज वाचला आणि मला तीच आठवली, कारण तिच्याबद्दलही हेच छापून आलं होतं, तेही लंडनच्या नामांकित मासिकात. हॅरिएट हॉस्मर तिचं नाव. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिनं आधीच देऊन ठेवली आहेत.

हॅरिएटचा जन्म 1830 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाऊन गावातला. वडील डॉक्टर. ती लहान असतानाच आई क्षयानं गेली, भावंडंही एकेक करत गेली. उरलेली ही एक पोर तरी जगावी म्हणून वडिलांनी तिला घरात कोंडून न ठेवता उन्हावाऱ्यात सोडलं. घोड्यावर बसणं, नाव वल्हवणं, पोहणं, बंदूक चालवणं, सगळं तिला येत होतं. जेमतेम पाच फूट उंचीची ही मुलगी पुढे दहा फुटांचे पुतळे पेलू शकली, त्यात त्या लहानपणाचा मोठा वाटा आहे असं मला नेहमी वाटतं.

शिल्पकार व्हायचं तर शरीररचना यायला हवी. हाड कुठे वर येतं, स्नायू कुठे वळतो हे कळल्याशिवाय वस्त्राची चुणीसुद्धा खरी उतरत नाही, हे तुला मी सांगायला नको. पण बॉस्टनमध्ये तिला ती शिकायला मिळेना. मग 1850 मध्ये ती दूर मिसूरीतल्या सेंट लुईसला गेली, शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी राहिली, आणि तिथले डॉ. जोसेफ मॅकडॉवेल यांच्याकडे शरीररचना शिकून आली. मैत्रिणीचे वडील वेमन क्रो हे मोठे व्यापारी. पुढे आयुष्यभर त्यांनी तिला काम दिलं, पैसे आगाऊ दिले, धीर दिला. एवढा भक्कम आधार फार थोड्या जणींना मिळतो. तिच्यापाशी तो होता हे आपण विसरायचं नाही, नाहीतर तिची हिंमत आपल्याला उगाच सोपी वाटेल.

1852 मध्ये ती वडिलांबरोबर रोमला पोचली. तिथे जॉन गिब्सन नावाचे वेल्श शिल्पकार होते, त्या काळातले मोठे नाव. विद्यार्थी घेत नसत म्हणतात. तिनं आपल्या एका अर्धपुतळ्याची छायाचित्रं त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांनी आपल्या स्टुडिओतली एक खोली तिला काम करायला दिली. त्यांच्या हाताखाली ती कित्येक वर्षं राहिली. म्हणजे तुझ्यासारखीच गोष्ट: मोठा गुरू, गुरूच्या छपराखाली काम, गुरूच्या ओळखीचे कारागीर. संशयाला जागा हवी असेल तर इथे भरपूर होती.

दोन वर्षांनी वडिलांची पैशाची बाजू लंगडी पडली आणि घरून येणारा खर्च थांबायची वेळ आली. तेव्हा तिनं ‘पक’ केला, अळंबीवर बसलेलं एक खोडकर पोर. तो इतका खपला की त्याच्या 30 च्या वर प्रती संगमरवरात निघाल्या, एक तर इंग्लंडच्या युवराजानं घेतली. एकाच मॉडेलच्या 30 प्रती! दगडातला घाव न् घाव तिनं स्वतः घातला असता तर आयुष्य त्या एका पोरावरच गेलं असतं. मॉडेल तिचं, दगड कोरणारे कारागीर, अखेरची नजर तिची. रोममधला प्रत्येक पुरुष शिल्पकार असाच काम करत होता. कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, जोवर ते पुरुष होते तोवर.

मग आली झेनोबिया. प्राचीन सीरियातल्या पाल्मिराची राणी, रोमन सम्राट ऑरेलियननं हरवून साखळदंडात चालवलेली. हॉस्मरनं तिला 1859 मध्ये सात फुटांच्या आसपास उंचीची घडवली. मला हा पुतळा फार आवडतो. मान किंचित झुकलेली, डोक्यावर मुकुट, अंगावर जड वस्त्र, आणि साखळी ती लोंबकळू देत नाही. एका हातानं ती उचलून धरते, जणू बेड्या म्हणजे सांभाळून न्यायची एखादी वस्तू आहे. रडणं नाही, हात पसरणं नाही. त्या काळात साखळदंडातली बाई म्हटली की उघडी आणि दीनवाणी दाखवायची चाल होती. हॉस्मरनं ती चाल मोडली.

1862 मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात झेनोबिया मांडली गेली. लोकांनी गर्दी केली. आणि पुढच्या वर्षी ‘आर्ट जर्नल’मध्ये एका दिवंगत शिल्पकाराच्या मृत्युलेखात जाता जाता एक वाक्य आलं: ही झेनोबिया मिस हॉस्मरची म्हणून सांगितली जाते, पण खरं तर ती रोममधल्या एका इटालियन कारागिरानं केली आहे. ‘क्वीन’ नावाच्या नियतकालिकानंही तेच छापलं. एका मेलेल्या माणसाची स्तुती करताना एका जिवंत बाईचं काम हिरावून घेतलं, तेही अर्ध्या वाक्यात. तुझ्या ग्रुपवरचा तो मेसेज बघ. ‘सरांच्या माणसांनी केलं.’ फरक आहे का काही?

रोममध्ये कुजबुज आधीपासून होतीच. कॅफे ग्रेकोत कलाकार जमायचे, तिथे हीच चर्चा. म्हणजे ती त्या मृत्युलेखाच्या आधी गप्प होती, आणि गप्प राहिल्यानं कुजबुज वाढली. तुझा नवरा प्रेमापोटी ‘सोडून दे’ म्हणतो हे मला कळतं. त्याला तुला त्रास झालेला बघवत नसेल. पण काम कुणाचं हा प्रश्न सोडून देण्यातला नाही. घरातलं भांडण सोडून देता येतं. धातूत ओतलेली गोष्ट शंभर वर्षं उभी राहते, आणि तिच्याबरोबर तिच्याबद्दलचं खोटंही.

माझंच सांगते. 1980 च्या दशकात मी एका इमारतीच्या दर्शनी दालनासाठी 12 फूट लांबीचं एक उठावशिल्प केलं. काम संपलं तेव्हा उद्घाटनाच्या पत्रिकेत माझ्या जागी माझ्याकडे मदतनीस म्हणून आलेल्या एका मुलाचं नाव छापलं गेलं. चूक कुणाची ते सोड. मी म्हटलं, जाऊ दे, आपल्याला माहीत आहे ना. पाच-सहा वर्षांनी तिथल्या लोकांना मी सांगायला गेले तर त्यांनी पुरावा मागितला, आणि माझ्याकडे काय होतं? लहान मॉडेल पावसाळ्यात विरघळलं होतं, स्केचेस घर बदलताना रद्दीत गेली होती, फोटो एकही नव्हता. तो मुलगा बिचारा स्वतः म्हणाला की काम मॅडमचं आहे, पण तोंडी. आजही त्या दालनात गेले तर मी वर बघत नाही.

म्हणून हॉस्मरनं पुढे काय केलं ते तू नीट बघावंस असं मला वाटतं. तिनं एक नाही, बऱ्याच गोष्टी केल्या.

पहिली म्हणजे दोन्ही नियतकालिकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा बडगा उचलला आणि माघार छापायला लावली. छापलेल्या खोट्याला छापलेलं उत्तर. पैसे हा मुद्दाच नव्हता.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. गिब्सन स्वतः पुढे आले. त्यांनी जाहीर पत्र लिहिलं, त्याचा आशय असा: मिस हॉस्मरची कामं दुसऱ्यांनी केलेली असतील, तर माझ्या स्टुडिओत दोन लबाड आहेत, एक ती आणि दुसरा मी. किती मोठ्या मनाचं वाक्य आहे बघ! शिष्येवरचा आळ गुरूनं अर्धा आपल्या डोक्यावर घेतला. त्यांच्या एका वाक्यानं जे झालं ते तिच्या दहा खुलाशांनी झालं नसतं.

तिसरी गोष्ट, तिनं लेख लिहिला. डिसेंबर 1864 च्या ‘अटलांटिक मंथली’ या अमेरिकन मासिकात. त्यात तिनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत. पुतळा कसा होतो ते सांगितलं, बस. शिल्पकार आधी लहान मॉडेल करतो. कारागीर त्यावरून मापं घेऊन लोखंडी सांगाड्यावर मोठी माती चढवतो. मग शिल्पकार त्या मातीवर महिनोन्महिने काम करतो, आणि खरा पुतळा तिथे जन्मतो. त्यावरून प्लास्टरचं कास्टिंग निघतं. कास्टिंगवर ठिकठिकाणी बिंदू ठरवतात, तेवढ्याच खोलीची भोकं दगडात पाडतात आणि त्या भोकांच्या तळापर्यंत कारागीर दगड उतरवत नेतो. शेवटची कातडी, शेवटची नजर पुन्हा शिल्पकाराची. तुझ्यामाझ्यासाठी हे रोजचं. पण वाचणाऱ्या सामान्य माणसाला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. त्याला वाटतं पुतळा म्हणजे दगड आणि छिन्नी घेऊन एकटा बसलेला माणूस. या अज्ञानावरच अफवा पोसली जाते.

आणि त्या लेखात तिनं एक मुद्दा असा मांडला की मी तो वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहायचे. आम्ही बायका मदतनीस ठेवतो हे जगाला कळलं तर आमची काहीच हरकत नाही. ही पद्धत फक्त बायकांचीच आहे असं कुणी समजू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे. कॅनोव्हा, थॉरवाल्डसन या नामांकित पुरुष शिल्पकारांच्या कार्यशाळा कारागिरांनी भरलेल्या असायच्या, त्यांना कुणी विचारलं नाही की हात कुणाचा.

तुझ्या सरांकडे किती कारागीर होते, तू आठ वर्षं तिथे होतीस, आठव. सरांच्या पुतळ्यांवर तूही माती चढवली असशील. त्या पुतळ्यांना कुणी ‘हे त्या मुलीचं काम’ म्हटलं का?

आता एकटीनं करण्याबद्दल. तसंही एकीनं करून बघितलं होतं. एडमोनिया लुईस, हॉस्मरपेक्षा चौदाएक वर्षांनी लहान. वडील आफ्रिकी वंशाचे, आई ओजिब्वे आदिवासी आणि आफ्रिकी अशा मिश्र वंशाची. दोघंही लवकर गेले. ओबर्लिन कॉलेजात शिकत असताना, 1862 मध्ये, दोन गोऱ्या मुलींना विष घातल्याचा आळ तिच्यावर आला. तिला अंधारात ओढून नेऊन मारहाण झाली. जॉन मर्सर लँगस्टन या कृष्णवर्णीय वकिलानं तिची बाजू लढवली आणि ती सुटली. पण कॉलेजात तिला पुढे टिकू दिलं नाही. तिथून ती बॉस्टनला गेली, छोटी पदकं, अर्धपुतळे विकून पैसे जमवले आणि रोम गाठलं.

रोममध्ये तिनं आपला बराचसा संगमरवर स्वतःच कोरला, मदतनीस जवळजवळ टाळूनच. पैसे नव्हते हे एक कारण. दुसरं कारण सरळ आहे: जिच्या हातात छिन्नीच दिसत नाही तिच्यावर लोक संशय घेणार, आणि ती काळी असेल तर दुप्पट. मला तिच्याबद्दल अपार आदर आहे. पण त्या पद्धतीची किंमत तिच्या शरीरानं मोजली असणार, हे दगड फोडलेल्या कुणालाही कळेल.

आणि तेवढं करूनही काम सुरक्षित राहिलं असं झालं नाही. तिची ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ 1876 मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात होती. दीड टनाच्या आसपास वजनाचा संगमरवर. विक्री झाली नाही. पुढे तो पुतळा शिकागोजवळ घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पोचला, आणि क्लिओपात्रा नावाच्याच एका घोडीच्या थडग्यावर उभा केला गेला. मैदान गेलं, जमिनीचे मालक बदलले, पुतळा ऊनपावसात तिथेच. पुढे तो बांधकामाच्या सामानात पडला होता, कुणी तरी हौसेनं त्यावर रंगही फासला. 1980 च्या दशकात तो ओळखला गेला आणि आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. शंभरहून अधिक वर्षं! म्हणून सांगते, हात एकटीचे की चौघांचे यावर नाव टिकत नाही. नाव टिकतं ते कुणीतरी लिहून ठेवलं तर.

कोटेशन सरांच्या नावानं द्यायचं म्हणतात त्या काकांना नम्रपणे नाही म्हण. त्यांना वाटत असेल ते तुझ्या भल्याचं सांगतायत. पण एकदा सरांचं नाव कागदावर गेलं की मग तू जन्मभर ‘सरांकडची’. अ‍ॅन व्हिटनीचं उदाहरण देते. तीही वॉटरटाऊनचीच, हॉस्मरच्या गावची. 1875 मध्ये बॉस्टनमध्ये सिनेटर चार्ल्स समनर यांच्या पुतळ्यासाठी स्पर्धा झाली. मॉडेल्सवर नावं नव्हती. व्हिटनीचं मॉडेल पसंत पडलं. मग समितीला कळलं की शिल्पकार बाई आहे, आणि काम दुसऱ्याला गेलं. तिनं ते मॉडेल फेकलं नाही. जपून ठेवलं. 1902 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, तिनं तोच समनर ब्राँझमध्ये उभा करून दाखवला, केंब्रिजला, हार्वर्डजवळ. आजही आहे तिथे, खुर्चीत बसलेला. तुला 27 वर्षं थांबायला सांगत नाही गं. नाव झाकून मिळालेलं काम नाव उघडं झाल्यावर काढून घेता येतं, एवढंच लक्षात ठेव. कोटेशन तुझ्या नावानं जाऊ दे. काम गेलं तर गेलं. मला हे लिहिताना तुझ्या शेडचं भाडं, नवऱ्याची नोकरी, घरातली गणितं दिसत नाहीत हे खरं आहे, तरी मी हेच सांगेन.

आता केस. त्या मेसेज लिहिणाऱ्यावर केस करू नकोस. हॉस्मरसमोर छापील मासिकं होती, संपादक होते. तुझ्यासमोर एक माणूस आहे, ज्यानं कधी ओली शाडू हातात धरली नसेल. पण हक्क मात्र माहीत असू दे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या 57 व्या कलमानुसार, पुतळा विकल्यानंतरही ‘हे काम माझं आहे’ असं सांगण्याचा शिल्पकाराचा हक्क शिल्लक राहतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं, त्याची मोडतोड झाली. ते सरकारविरुद्ध कोर्टात गेले आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच कलमाच्या आधारे उरलेलं शिल्प त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. दावा 1992 चा होता. म्हणजे 13 वर्षं. शाळेविरुद्ध 13 वर्षं लढण्यात तुझे हात मातीपासून लांब राहतील. त्यापेक्षा शाळेला एक साधं पत्र लिही: पाटीवर शिल्पकाराचं नाव असावं ही विनंती, कलमाचा एका ओळीत उल्लेख, सोबत कामाचे फोटो. पत्राची पोच घे. बहुतेक शाळा भांडण न करता पाटी बदलतात, कारण त्यांचा हेतू वाईट नसतो, कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

पत्राला जोडायला कागद हवेत ना? मोबाइल उघड. तू 33 वर्षांची आहेस, माझ्यासारखी नाहीस, शेकडो फोटो असतील. सांगाड्याचा, भरावाचा, चार वेळा मोडलेल्या चेहऱ्याचा. ते चार चेहरे तर मला बघायचे आहेत! तारखेप्रमाणे लाव. लहान मॉडेलचं प्लास्टर कास्टिंग काढलं आहेस का? नसेल तर काढून ठेव. आणि कला संचालनालयाकडून मातीच्या मॉडेलला मान्यता घेतली असणार, त्या कागदावर शिल्पकार म्हणून कुणाचं नाव आहे ते बघ. तुझं असेल तर ती प्रत पत्राला लाव, आणखी काही बोलायची गरज पडणार नाही.

पुढच्या कामात मात्र हे सगळं आधी. कामाच्या करारात एक ओळ घाल की पाटीवर शिल्पकाराचं नाव अमुक ठिकाणी, अमुक आकारात येईल. आणि सही मातीत कर. धातूवर नंतर कोरलेली सही कुणीही ‘ठोकली’ म्हणू शकतो. पायाजवळ, वस्त्राच्या काठाखाली, माती ओली असताना, मोल्डवाले यायच्या आदल्या संध्याकाळी, आपल्या नेहमीच्या टूलनं नाव आणि साल लिही. ती अक्षरं मोल्डमध्ये उतरतात, मेणात उतरतात, ब्राँझमध्ये उतरतात, तुझ्या बोटाच्या ठशांसकट. ती कुणी पुसू शकत नाही आणि नंतर घातली असंही कुणी म्हणू शकत नाही.

सरांचं शेवटी ठेवलं, कारण तेच तुला जड जातंय. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना श्रेय हवं आहे असं लगेच धरू नकोस. त्यांच्या पिढीत अशा वेळी काय बोलायचं हे कुणी शिकवलंच नाही. कदाचित त्यांना तो मेसेज माहीतही नसेल. त्यांच्या घरी जा, कार्यशाळेत नको, तिथे चार लोक असतात. पाया पड, नेहमी पडतेस तशी. मेसेज दाखव. आणि ‘तुम्ही का बोलला नाहीत’ असं न विचारता गिब्सनची गोष्ट सांग. मग म्हण, ‘सर, काम माझं आहे आणि तुम्ही मला घडवलंत, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमच्या हातचं दोन ओळींचं पत्र मिळेल का?’ दिलं तर ते पत्र शाळेला पाठव आणि घरात फ्रेम करून लाव. नाही दिलं तर तुला दुःख होईल, खूप होईल, पण कुणाच्या उपकाराचं ओझं किती वागवायचं हे तुला त्या दिवशी कळेल. उपकार फेडायचे ते त्यांची शिकवण पुढे नेऊन. आपलं नाव त्यांना देऊन टाकणं म्हणजे उपकार फेडणं नव्हे.

आणि ते दोन कारागीर. त्यांना पुढच्या कामाला बोलाव. मजुरी ठरवताना कामाची हद्द कागदावर लिही: सांगाडा, भराव, इतके दिवस. त्यांची नावंही पाटीवर लहान अक्षरात यावीत असं समितीला सुचव. तुझं नाव शिल्पकार म्हणून, त्यांची सहाय्यक म्हणून, फाउंड्रीचं ओतकामासाठी. सगळ्यांची नावं असली की कुणाचंच नाव संशयाखाली येत नाही.

हॉस्मरचे दोन फोटो आहेत, मिळाले तर बघ. एकात ती शिडीवर उभी आहे, शेजारी सिनेटर थॉमस हार्ट बेंटन यांचा मातीतला प्रचंड पुतळा, त्याच्या हातात नकाशाची गुंडाळी. हा पुतळा म्युनिचमध्ये ओतला गेला आणि 1868 मध्ये सेंट लुईसच्या लाफायेत पार्कमध्ये उभा राहिला, पश्चिमेकडे तोंड करून. चौथऱ्यावर बेंटनचेच शब्द आहेत: तिकडे पूर्व आहे, तिकडे हिंदुस्थान आहे. म्हणजे पश्चिमेकडे जात राहिलं की पूर्वेचे देश लागतात. ते काम मिळालं तेव्हा तिनं समितीला लिहिलं होतं की मी स्त्री आहे म्हणून मी तुमची जास्त ऋणी आहे, कारण बायकांच्या वाटेतला अडसर तुम्ही आधी ओलांडलात.

दुसरा फोटो 1867 चा, रोममधल्या तिच्या स्टुडिओच्या अंगणातला. दोन डझनांच्या आसपास कारागीर, काही बसलेले, काही उभे, कामाच्या कपड्यांत. मधोमध ती, सगळ्यांत बुटकी. या फोटोला ‘हॉस्मर आणि तिची माणसं’ असं नाव आहे. ज्या माणसांवरून तिच्यावर आळ आला त्यांनाच तिनं शेजारी उभं केलं आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

दहा फुटाचं मातीकाम पूर्ण होईल त्या दिवशी, मोल्ड लावायच्या आधी, तूही असा एक फोटो काढ. ते दोघं, फाउंड्रीची माणसं, चहा आणणारा पोरगाही. सर येत असतील तर सर. मधे तू. मागच्या बाजूला सगळ्यांची पूर्ण नावं आणि तारीख लिही, आणि एक प्रत मला पाठव.